'अमायलॉइड'ला 'पिष्टाभ' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : अल्झायमरवरच्या (स्मृती हरवत जाणाऱ्या मेंदूच्या आजारावरच्या) एका मराठी लेखात 'अमायलॉइड प्लाक'साठी, म्हणजे मेंदूत साचणाऱ्या पदार्थासाठी, 'पिष्टाभ थर' असे वाचले, ते योग्य का?

व्युत्पत्तीला धरून आहे, पण मी तो शब्द वापरणार नाही. लॅटिन 'अमायलम' म्हणजे पिष्ट, अर्थात स्टार्च. १८५४ मध्ये जर्मन वैद्यक-संशोधक रुडॉल्फ फिरखो यांनी मेंदूतल्या बारीक गोल कणांवर आयोडीन घातले, ते निळसर झाले; वर गंधकाम्ल पडताच जांभळे. म्हणून 'अमायलॉइड', पिष्टासारखे. त्या कणांत खरोखरच शर्करेच्या साखळ्या असतात. घोटाळा झाला तो प्लीहेत, यकृतात साचणाऱ्या मेणचट पदार्थालाही तेच नाव दिल्याने. १८५९ मध्ये फ्रीडरिख आणि केकुले यांनी तशी प्लीहा तपासली, तर पिष्ट नाहीच; पदार्थ प्रथिनाच्या जातीचा. नाव तोवर रुळले होते.

अल्झायमरमधला पदार्थही प्रथिनाचाच तुकडा आहे. चेतापेशीच्या आवरणात आरपार बसलेले एक लांब प्रथिन असते. एक विकर (एन्झाइम) त्याला पेशीबाहेर कापते, दुसरे आवरणाच्या आत, आणि मधला तुकडा सुटतो : बीटा-अमायलॉइड. दुसरा काप नेमका कुठे पडतो यावर पुढचे बरेच ठरते. बहुतेक तुकडे ४० अमिनो आम्लांचे (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचे) असतात, काही ४२ चे. शेवटची जास्तीची दोन, आयसोल्युसिन आणि ॲलनिन, पाण्याशी फटकून असतात, त्यामुळे ४२ चे तुकडे लवकर एकमेकांना चिकटतात. त्यांचे धागे होतात आणि धागे पेशींच्या मधल्या जागेत साचतात. यात पिष्ट कुठेच नाही. 'पिष्टाभ' वाचून कुणी रुग्णाचा भात-बटाटा बंद करील, ही मला खरी भीती वाटते. 'अमायलॉइड' तसाच ठेवावा.

'थर'ही पटत नाही. थर म्हटले की पसरलेले काहीतरी डोळ्यांसमोर येते, दातांवरच्या किटणासारखे. सूक्ष्मदर्शकाखाली हे सुटे, गोलसर दिसतात. मी 'पुंजके' म्हणेन. सरसकट 'गाठी' म्हणणे तर टाळाच, कारण या आजारात टाउ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे धागेही पिळे पडून साचतात, तेही पेशीच्या आत. त्यासाठी आपल्याकडे विंचरलेल्या केसांचा शब्द तयार आहे : गुंतवळ. बाहेर अमायलॉइडचे पुंजके, आत टाउची गुंतवळ, असे लिहिले की वाचकाला दोन्ही वेगळे कळतात.