ॲल्युमिनाच्या थराला तडे का जातात?

प्रश्न : सच्छिद्र ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) चकतीवर बोहमाइट सॉलचा, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइड-हायड्रॉक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा, थर देतो. एप्रिलपासून भट्टीत ठेवण्याआधीच तडे दिसतात. टॉवेल कारखान्याच्या रंगाच्या पाण्यासाठी हा पडदा (पाणी गाळणारा थर) चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोष सॉलपेक्षा सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्याचा वाटतो. पाणी झपाट्याने उडालं की बारीक छिद्रांतला केशिकादाब (पृष्ठताणामुळे येणारी ओढ) ओला थर आकसून फाडतो. चकती बंद पेटीत ४० अंश सेल्सिअस आणि सुमारे ६० टक्के आर्द्रतेत दोन दिवस सुकवा. सॉलमध्ये थोडं पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) मिसळा, ते ताण सैल करतं. एकाच वेळी जाड थर देऊ नका; चकती काही सेकंदच बुडवा, भाजा, मग दुसरा थर द्या. भट्टी मिनिटाला १ अंशाने ६०० पर्यंत न्या, ३ तास ठेवा. उतरवतानाही घाई नको. छिद्रं साधारण ४-५ नॅनोमीटरची मिळतात.

तरीही टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहिली, तर कारण बहुधा धूळ. सॉल गाळूनच वापरा.

रंगाच्या पाण्यासाठी मात्र हा थर नको. रिॲक्टिव्ह रंगाईचं (सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांचं) पाणी बरंच अल्कधर्मी असतं, त्यात गॅमा ॲल्युमिना (बोहमाइट भाजल्यावर बनणारं ॲल्युमिनाचं रूप) हळूहळू विरघळतो. तिथे वरचा थर झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइडचा) किंवा टायटानियाचाच (टायटॅनियम ऑक्साइडचाच) द्या.