अकरावीच्या मुलांना केमिस्ट्री लॅबमधली उपकरणं आणि जर्नल लिहिणं कसं शिकवावं?

काचसामान मांडून नावं घोकून घेऊ नका. पहिल्या तासाला साध्या पाण्यावर हात बसू द्या. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणा केलेली उभी काचनळी) भरायची, डोळे पातळीला आणायचे, पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा. मग तेच रीडिंग मुद्दाम वरून बघायला लावा. आकडा बदललेला दिसला की वेगळं सांगावं लागत नाही. (पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण गडद असतं, तळ दिसत नाही, तिथे वरची कड वाचतात.)

विसळण्यात सगळे गोंधळतात. ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप उचलून घालायची काचनळी) ज्या द्रावणाने भरणार त्यानेच विसळायच्या, कोनिकल फ्लास्क मात्र नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने. का, ते मुलांनाच विचारा. फ्लास्कला चिकटलेलं द्रावण पिपेटने मोजून घातलेल्या 10 मिलीत भर घालतं, आणि टायट्रेशनचं (एका द्रावणात दुसरं थेंबथेंब घालून प्रमाण काढण्याचं) रीडिंग फुगतं. पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी बल्ब वापरायचा. टोकाशी राहिलेला थेंबही फुंकून काढायचा नाही.

आता जर्नल. आपल्याकडे जर्नल म्हणजे मागच्या बॅचच्या ताईच्या वहीची सुबक नक्कल! हेतू, उपकरणं, कृती, निष्कर्ष हा साचा मुलं पटकन उचलतात, त्यावर वेळ घालवू नका. निरीक्षणांवर घाला. रीडिंग तिथल्या तिथे पेनाने लिहायचं, चुकलं तर एक रेघ, खाडाखोड नाही. 9.5, 9.1, 9.1, 9.1 असं आलं तर 9.5 लपवायचं नाही, 'पहिल्यांदा नोझलमध्ये हवेचा बुडबुडा होता' असं शेजारी लिहायचं. मी त्या ओळीला जास्त मार्क देतो.