‘आई, तू इतकुशी दिसून रायली’

लेकरू म्हणतं, भिंत लांब गेली, आईचं तोंड बारीक झालं, माझा हात फुगला. थोड्या वेळाने सगळं पुन्हा जागच्या जागी. असं झालं की घरचे एकतर नाटक समजतात, नाहीतर बाहेरची बाधा, नाहीतर वेडाची सुरुवात. ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या खोलीत ही तक्रार रोज येत नाही, पण येते तेव्हा आईबाप पार हादरलेले असतात.

यवतमाळ जिल्ह्यातली एक सहा वर्षांची मुलगी आणि तिची आई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कापूस वेचणीचे दिवस, रोजी पाडून आलेली बाई. बसायच्या आधीच सुरू झाली, “मॅडम, हे रातच्याले रडते. म्हणते, आई, तू इतकुशी दिसून रायली. काऊन जी असं?” बापाचं म्हणणं, मोबाइल पाहून पाहून डोळे गेले. आजीने भगताला दाखवलं होतं. त्याने दिवस मावळल्यावर पोरीला काही खाऊ द्यायचं नाही असं सांगितलं होतं, आणि घरात ते कडक पाळलं जात होतं.

अशा केसमध्ये मी आईला थोडा वेळ थांबवते आणि लेकराला विचारते. पोरीला विचारलं, आई केवढी दिसते? तिने टेबलावर एक हात आडवा ठेवला, दुसरा त्याच्यावर वीतभर उंच धरला. “एवढी. बाहुलीएवढी.” मग आई खरंच लहान होते का? माझ्याकडे अशी पाहिली, जणू मीच खुळी. “होत नाही, दिसते तशी.”

हे उत्तर मोलाचं. नसलेलं माणूस दिसणं वेगळं आणि असलेलं माणूस चुकीच्या मापाचं दिसणं वेगळं. दिसतं ते खरं नाही, हे या पोरीला पक्कं ठाऊक होतं. 1955 साली जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने अशा लक्षणांना ‘ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम’ हे नाव दिलं. डोळा चित्र बरोबर टिपतो, पण आकार आणि अंतर यांचा मेळ मेंदूत लागतो, तिथे काही वेळ गडबड होते. मुलांमध्ये त्यामागे बरेचदा मायग्रेन (अर्धशिशी) किंवा नुकताच येऊन गेलेला विषाणूचा ताप असतो. एपस्टाईन-बार विषाणूशी त्याचा संबंध आढळला आहे. कधी कधी फिटचा आजारही निघतो. म्हणून ‘काही नाही, जाईल आपोआप’ असं मी कुणालाच सांगत नाही. निदान डॉक्टरांनी करायचं.

डॉक्टरकडे रिकाम्या हाताने मात्र जायचं नाही. पोरीचा भाऊ पाचवीत होता, त्याला कॅलेंडरवर लिहायला लावलं: किती वाजता झालं, त्याआधी काय खाल्लं, झोप, ताप, डोकं किंवा पोट दुखलं का. आईला एक गोष्ट शिकवली. पोरगी ‘लहान दिसते’ म्हणाली की तिचा एक डोळा तळहाताने झाकायचा, मग दुसरा. एकाच डोळ्याने तसं दिसत असेल तर दुखणं डोळ्याच्या पडद्याचं असू शकतं, तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञ. आणि ‘आता कशी दिसते, आता कशी दिसते’ हा घोशा बंद. घाबरलेल्या घरात लेकरू जास्त घाबरतं.

भगताशी मी भांडले नाही. आजीने निंबू उतरवला, उतरवू दे. रात्रीचं जेवण मात्र त्याच दिवसापासून सुरू करायला लावलं, कारण उपास, अपुरी झोप आणि ऊन यांनी मायग्रेन उठतं. आजी कुरकुरली. “लेकराच्या पोटात अन्न नसलं तर बाधा जाईन का?” असं तिला तिच्याच भाषेत विचारलं, तेव्हा गप्प बसली.

कॅलेंडरवर बहुतेक नोंदी संध्याकाळच्या आणि उपाशीपोटीच्या निघाल्या. दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसत होतं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोग विभागात तपासणी झाली, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) झाला, तो ठीक आला. निदान मायग्रेनचं.

थांबायचं नाही अशी लक्षणंही सांगून ठेवते: शुद्ध हरपणं, झटके, हातापायातली ताकद जाणं, चालताना तोल जाणं, पहाटे डोकं दुखून उलट्या, नव्याने आलेला तिरळेपणा, बुबुळात पांढरी चमक. यांतलं काही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. दिवेलागणीला लेकरू चाचपडत असेल तर तो रातांधळेपणा, तिथे अ जीवनसत्त्वाची कमतरता पाहावी लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्यांनाही हे दाखवता येतं, फक्त तातडीचं असेल तर त्यांची वाट पाहू नये.

मायग्रेन पुष्कळदा घराण्यात असतं, म्हणून आईला विचारलं, तुमचं डोकं दुखतं का? “माह्यी अर्धशिशी? ते तं लग्नाच्या आधीपासून हाय. दुपट्टा आवळून बांधतो अन् वावरात जातो. त्याचं काय सांगा लागते?” उलट्या होत होत्या, उजेड सोसत नव्हता, औषध कधी घेतलंच नव्हतं. पुढच्या खेपेला पोरीच्या केसपेपरसोबत तिच्या नावाचाही एक काढला.