'मोकळी' जागा आणि 'उपलब्ध' जागा

कोल्हापुरातील शाहूपुरीत छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे, की लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या त्यांच्या संगणकात ५०० जीबीच्या डिस्कची 'मोकळी' आणि 'उपलब्ध' जागा वेगवेगळी दिसते, तर हे शब्द समानार्थी नाहीत काय, की संगणकच आकडा चुकीचा दाखवतो?

बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात. अर्थाने मात्र ते एक नाहीत. ज्यावर कोणाचा ताबा नाही ते 'मोकळे'. 'उपलब्ध' या शब्दात 'लभ्' धातू आहे, आणि मिळणे आले की कोणाला मिळणे हा प्रश्नही आलाच. मध्यवर्ती बसस्थानकावर उभ्या असलेल्या एसटीतील आरक्षित आसन मोकळे दिसले, तरी ऐनवेळी चढलेल्या प्रवाशाला ते उपलब्ध नसते. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी ४ ही फाईल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याची व्यवस्था), डिस्क काठोकाठ भरली तरी यंत्रणेची स्वतःची कामे अडू नयेत म्हणून, एरवी ५ टक्के जागा 'रूट' या मुख्य वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ती मोकळी खरीच, पण आपल्याला उपलब्ध नाही; म्हणून डिस्कवरील जागेचा हिशेब दाखवणाऱ्या 'डीएफ' या आज्ञेच्या तक्त्यात वापरलेली आणि उपलब्ध जागा मिळवली, तरी बेरीज एकूण जागेइतकी होत नाही. याच कारणाने 'शिल्लक' हा जमाखर्चाचा शब्द मी येथे वापरणार नाही, कारण तो वाचताच मन वजाबाकी करू लागते आणि नेमकी तीच येथे जुळत नाही.

एकूण आकडाच ४६६च्या आसपास दिसत असेल, तर तो एककाचा भेद आहे: विक्रेत्याचा जीबी १०० कोटी बाइटांचा, तर अनेक प्रोग्रॅम १०२४च्या पटीत मोजतात. या दुसऱ्या मापाला १९९८पासून 'गिबिबाइट' असे स्वतंत्र नाव आहे. व्यवहारात ते फारसे रुळलेले नाही.

'फाईल पुसली तरी जागा सुटत नाही' हे या वाचकांच्या पत्रातील आणखी एक वाक्य अधिक विचार करण्याजोगे आहे. फाईल कचरापेटीत पडून असेल, तर ती पुसलेलीच नाही. पण तेथूनही काढल्यावर जागा सुटत नसेल, तर 'पुसणे' हे क्रियापदच दिशाभूल करते, कारण त्यात मागमूस न उरणे अभिप्रेत आहे. लिनक्समध्ये फाईल काढली की आधी फोल्डरमधील तिचे नाव जाते. एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडून धरलेली असेल, तर मजकूर डिस्कवर तसाच राहतो. नावानिशी सापडणाऱ्या फायलींची बेरीज करणाऱ्या 'डीयू' या आज्ञेला ती दिसत नाही, 'डीएफ' मात्र तिची जागा व्यापलेलीच धरते. अशा वेळी 'नाव काढले' म्हणणे अचूक ठरले असते, पण मराठीत नाव काढतात ते कर्तबगार मुलेमुली. तेव्हा 'हटवली' म्हणावे. तो प्रोग्रॅम बंद केला, की जागा खरोखर मोकळी होते.