सायकल ट्रॅकवरून जावं की रस्त्यावरून?

प्रश्न : कोथरूडहून शिवाजीनगरला रोज सायकलने कामाला जातो. ट्रॅक आहे, पण मध्येच तुटतो आणि त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात. रस्त्यावर उतरलं की मागचे रिक्षावाले ‘ट्रॅक दिलाय ना, तिकडे जा’ म्हणून ओरडतात. नक्की कुठून जावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अख्ख्या मार्गासाठी एकदाच ठरवू नका, दोन चौकांमधल्या प्रत्येक तुकड्यासाठी वेगळं ठरवा. समोर दोन-तीनशे मीटर ट्रॅक सलग मोकळा दिसतोय, मध्ये सोसायट्यांची फाटकं फारशी नाहीत आणि तुमचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास आहे, तर ट्रॅक घ्या. दर तीस-चाळीस मीटरला फाटक, दुकानापुढचा उतार किंवा उभी गाडी असेल, तर रस्ताच बरा.

सगळ्यांना भीती मागून येणाऱ्या गाडीची वाटते, म्हणून ट्रॅकवर गेलं की सुटलो असं वाटतं. पण वळणाऱ्या आणि बाहेर निघणाऱ्या गाड्यांपासून ट्रॅक वाचवत नाही, उलट तिथे तुम्ही झाडं, खांब आणि उभ्या गाड्यांच्या आड जाता. डावीकडे वळणारा कारवाला आरशात रस्ता बघतो, ट्रॅक बघत नाही. फाटकातून निघणारी गाडी तर नाक ट्रॅकवर आणूनच थांबते, कारण त्याशिवाय ड्रायव्हरला रस्ता दिसतच नाही. ताशी २० च्या वेगाने तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. गाडी दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावरही चारएक मीटर लागतात. म्हणजे साडेनऊ-दहा मीटर झाले. ते नाक तीन मीटरवर बाहेर आलं, तर उत्तम ब्रेकही कामाला येत नाहीत. वेगाने जायचं असेल तर अशा ट्रॅकवर जाऊच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर आलात की कडेला चिकटू नका. कडेला खडी असते, काचा असतात, खचलेली चेंबरची झाकणं असतात आणि उभ्या गाड्यांची दारं कधीही उघडतात. उघडलेलं दार साधारण एक मीटर जागा खातं, म्हणून हँडलचं टोक आणि उभी गाडी यांच्यात निदान तेवढं अंतर ठेवा. दोन उभ्या गाड्यांमध्ये जागा दिसली की आत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, हे टाळा. सरळ रेषेत चालवलीत, तर तुम्ही पुढे काय करणार हे मागच्याला कळतं.

ट्रॅक संपतो तिथे सर्वांत जास्त लक्ष लागतं. शेवट चाळीस-पन्नास मीटरवर दिसला की लगेच उजव्या खांद्यावरून मागे बघा, उजवा हात दाखवा आणि जागा मिळताच आहे त्या वेगात रस्त्यावर या. शेवटच्या खांबापर्यंत जाऊन थांबलात, तर शून्य वेगातून भरधाव वाहतुकीत शिरावं लागतं. उतरताना दगडी कड तिरकी घेऊ नका. चाक कडेला घासून घसरतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूलाच पडतो. उतार नसेल, तर खाली उतरून सायकल हाताने घ्या.

सिग्नलला पीएमपीची बस, डंपर किंवा काँक्रीट मिक्सर यांच्या डाव्या अंगाला कधीही उभे राहू नका. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून, अगदी कडेला घासून जातात. मागेच थांबा. आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. बीआरटीची मार्गिका मोकळी दिसली, तरी आत जाऊ नका. ती बससाठीच असते आणि दोन्ही बाजूंना कठडे असल्यामुळे बाजूला व्हायला जागा मिळत नाही.

राहिले ओरडणारे रिक्षावाले. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं असतं. जपायचं ते न पाहणाऱ्यांपासून.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. सातारा रस्त्याने सायकलवर क्लासला जायचं म्हणते. तिला ट्रॅकवरून पाठवू का?
– एक आई, धनकवडी

उत्तर : हो, तिच्यासाठी ट्रॅकच. ताशी दहाच्या वेगाने ती चार मीटरच्या आत थांबू शकते, त्यामुळे फाटकांचा धोका बराच कमी होतो. फक्त दोन नियम पक्के करा : प्रत्येक फाटकापाशी चालण्याइतका वेग, आणि प्रत्येक मोठ्या चौकात उतरून झेब्रा क्रॉसिंगवरून सायकल हाताने न्यायची. आधी रविवारी सकाळी तिच्याबरोबर जा, मग क्लासच्याच वेळी एकदा जा. संध्याकाळी हातगाड्या लागल्या की तोच ट्रॅक वेगळा असतो. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही त्याची दांडी आणि हँडल यांत दोन बोटांची जागा उरली पाहिजे. दांडी हँडलला टेकत असेल, तर आधी केबल ताणून घ्या किंवा ब्रेकची रबरं बदला.

प्रश्न : पावसात ट्रॅकच्या पेव्हर ब्लॉकवरून सायकल घसरते. टायर बदलावेत का?
– ज्येष्ठ वाचक, सहकारनगर

उत्तर : आधी हवा बघा. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ५० ते ६० पीएसआय पुरते. टायर दगडासारखा टणक असेल, तर ब्लॉकवर तो उड्या मारतो आणि पकड सुटते. टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल, तरच बदला. झाडांखालच्या ब्लॉकवर शेवाळ धरतं, जूनमध्ये गुलमोहराच्या पाकळ्यांचा चिखल होतो, आणि लोखंडी झाकणं व पांढरे पट्टे ओले झाले की निसरडे होतात. यांच्यावर हँडल वळवू नका, ब्रेकही दाबू नका. जे काही करायचं ते त्याआधी उरका. रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, म्हणून लवकर आणि हलके दाबायला सुरुवात करा. पावसाळी गटारांच्या जाळ्यांवर मात्र नजर ठेवा. पट्ट्या तुमच्या दिशेला समांतर असतील, तर बारीक टायर थेट आत अडकतो. शेवाळाचे एक-दोन महिने रस्त्यावरून गेलेलंच बरं.

प्रश्न : ट्रॅकवर दुचाक्या घुसतात. खांब लावूनही का थांबत नाहीत?
– एक वाचक, औंध

उत्तर : कारण स्कूटर साधारण ७० सेंटिमीटर रुंद असते आणि गिअरच्या अनेक सायकलींचं हँडलही जवळपास तेवढंच. स्कूटर अडेल इतके जवळ खांब लावले, तर सायकलही अडते. जागा सोडली, तर दोन्ही आत जातात. त्यातून खांबाला चमकणारी पट्टी नसेल, तर रात्री सायकलस्वारच त्यावर आदळतो. सायकल ट्रॅकवरून मोटार वाहन चालवायला नियमाने मनाई आहे, तेव्हा कारवाई हाच उपाय. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, पण रोजच्या देखरेखीशिवाय त्यातला ट्रॅक पार्किंगच होणार. तुटलेले ब्लॉक आणि खांब यांची तक्रार महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ ॲपवर करा. फोटोत विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी येऊ द्या, म्हणजे जागा शोधावी लागत नाही. उभ्या गाड्यांची तक्रार वाहतूक पोलिसांकडे करा.

प्रश्न : ट्रॅक रिकामा असेल, तर उलट्या दिशेने गेलं तर चालेल का? जंगली महाराज रस्ता एकेरी असल्यामुळे फार लांबून यावं लागतं.
– एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : नाही. फाटकातून किंवा गल्लीतून निघणारा ड्रायव्हर उजवीकडे बघून गाडी काढतो आणि तुम्ही त्याच्या डावीकडून येता. लांबचा फेरा नकोच असेल, तर तेवढा तुकडा फुटपाथवरून सायकल हाताने ढकलत न्या.