मुलगा सातवीत आहे, वर्गात कुणाशीच बोलत नाही, सर म्हणतात वक्तृत्व स्पर्धेत घाला. घालू का?

नका घालू. मी सांगलीत वाढलो आणि हे औषध मला पाजलेलं आहे म्हणून सांगतोय.

आमच्या मोठ्या काकांना माझ्या गप्प बसण्याची लाज वाटायची. पाहुणे आले की "बोल की रे, तोंडात हळकुंड धरलंयस काय" हे ठरलेलं. सहावीत त्यांनी सरांना सांगून १ ऑगस्टच्या भाषणात माझं नाव घातलं. अध्यक्ष महाशय वगैरे झालं, टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला इथपर्यंत गेलो आणि पुढं काहीच येईना. नंतर वर्षभर पोरं मला बघितलं की "रत्नागिरीला..." म्हणून थांबायची. भीती गेली का? उलट हजेरीला "हजर सर" म्हणायलाही घाम फुटायला लागला.

मला जे काही मिळालं ते आठवीत, आणि तेही चुकून. तालुक्याच्या आंतरशालेय मॅचेसना आमच्या टीमचा स्कोअरर आला नव्हता आणि माझं अक्षर चांगलं म्हणून पीटीच्या सरांनी वही माझ्या हातात दिली. ज्यांनी स्कोअरिंग केलंय त्यांना माहितीये, अंपायरने खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची असते, आणि ती पोच मिळेपर्यंत पुढचा बॉल टाकू द्यायचा नाही असा नियमच आहे. म्हणजे बघा, ज्या पोराकडं वर्गात कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याच्या हाताची वाट बघत मैदानावरची सगळी माणसं थांबायची! बोलायचं काही नाही, फक्त हात. शिवाय शेजारी दुसऱ्या टीमचा स्कोअरर, मिरजेचा एक पोरगा, त्याच्याशी दर ओव्हरला आकडा जुळवून घ्यावा लागायचा. "किती?" "अडतीस." "बरोबर." शाळेत कुणाशी एवढं बोलणं माझं आयुष्यात झालं नव्हतं. मेडन, म्हणजे एकही रन न निघालेली ओव्हर, पडली की सहा ठिपके जोडून एम काढायचा, त्यात विकेटही पडली असली की डब्ल्यू, हे त्यानेच शिकवलं.

त्याच सीझनला आमचा कॅप्टन पन्नास झाले म्हणून बॅट उंचावून टाळ्या घेऊन आला, आणि वहीत एकोणपन्नास. मधली एक लेगबाय होती, म्हणजे बॅटला न लागता पायाला लागून निघालेली रन, ती टीमला मिळते पण बॅट्समनच्या नावावर धरत नाहीत. अंपायरने गुडघा वर घेऊन हात लावला होता आणि मी पोच दिली होती. पोरं अंगावर आली, "पन्नास लिहायला काय जातंय तुझं, आपल्याच टीमचा हाय की." मी म्हणलं, "पायाला लागलेला." मोठ्यानं नाही, पण परत विचारलं तेव्हा परत तेच म्हणलं, आणि खोडरबर काही दिला नाही. शेवटी अंपायरलाच विचारलं, तो म्हणाला लेगबाय. त्या दिवसापासून दहावीपर्यंत मी चित्रगुप्त. "चित्रगुप्ताला विचारा" हे शाळेत प्रमाण झालं, गॅदरिंगचा हिशोब, सहलीची वर्गणी, सगळं माझ्याकडं. रत्नागिरी बंद झालं.

आणि काका अजून प्रत्येक लग्नात सांगतात, मी ढकलला स्टेजवर म्हणून आज हा चार माणसांत उभा राहतो. काका, तुम्ही स्वतः विजय हजारेंचे भक्त, आपल्या सांगलीत जन्मलेला माणूस म्हणून छाती फुगवता. १९४८ ला अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या टीमसमोर दोन्ही डावांत शतकं, १९५२ ला मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कॅप्टन हेच. हा माणूस अबोल आणि लाजाळू म्हणूनच प्रसिद्ध होता, त्याला कुणी वक्तृत्वात घातलं होतं? तेव्हा तुम्ही "तो काळ वेगळा" म्हणून विषय बदलता.

मी आजही लग्नात कोपऱ्यातच बसतो, पण ऑफिसात एखादा आकडा चुकला तर साहेबासमोर तो चुकलाय म्हणून सांगतो. मला तेवढं पुरतं.

तर तुमच्या मुलाला असं एखादं काम द्या ज्यात त्याच्याशिवाय लोकांचं अडेल. स्कोअरिंगच पाहिजे असं नाही, लायब्ररी, लॅब, सायकलची पंक्चर काढणं, काहीही. काय ते मला विचारू नका, तो घरी एकटा असताना काय करतो ते बघा.

एक राहिलं. काही पोरं स्टेजवर खरंच खुलतात, आमच्या बहिणीचं तसं झालं, त्यामुळं त्यानं स्वतःहून मागितलं तर अडवू नका. आणि रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखत असेल, जेवण कमी झालं असेल, घरीही बोलायचा बंद झाला असेल तर तो लाजरेपणा नव्हे, कुणी त्रास देतंय का ते विचारा आणि डॉक्टरला दाखवा.

नाव दिलंच असेल तर उद्या जाऊन काढून घ्या. सर चिडतील, दोन दिवस चिडतील.