वाचकांचे प्रश्न : गाडीतली गंमत आणि घरातली माणसे

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयावर आहेत. चालवताना मजा येईल, खिशाला झेपेल आणि रोजच्या कामालाही उपयोगी पडेल अशी गाडी कोणती, असे सगळ्यांना विचारायचे आहे. त्यांतील पाच पत्रे थोडी आटोपशीर करून उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो आणि आठवड्यातून चार दिवस हिंजवडीला जातो. दहा वर्षे वापरलेली छोटी गाडी आता बदलायची आहे. ह्युंदाईची आय२० एन लाइन, टाटाची अल्ट्रोझ रेसर आणि मारुतीची फ्रॉन्क्स टर्बो या तिघींत मन अडकले आहे. घरात सत्तरीतले आईवडील आहेत आणि चाळिशीत मी खेळणे विकत घेतो आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. कोणती घ्यावी? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आईवडिलांच्या आक्षेपाकडे शेवटी येऊ, कारण तुमचा निर्णय तिथेच होणार आहे. आधी कागद पाहू. आय२० एन लाइनचे ९९८ सीसीचे टर्बो (हवा दाबून आत घेणारे) इंजिन १२० अश्वशक्ती आणि १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, देते. जून २०२४ मध्ये आलेल्या अल्ट्रोझ रेसरच्या ११९९ सीसीच्या इंजिनाचे आकडे १२० आणि १७० आहेत, तर फ्रॉन्क्सच्या एक लिटरच्या ‘बूस्टरजेट’ टर्बो इंजिनाचे १०० आणि १४८. तिन्ही इंजिने तीन सिलिंडरची आहेत, त्यामुळे सिग्नलला उभे असताना येणारी हलकी थरथर तिघींतही कमीजास्त जाणवेल.

आता हे आकडे तुमच्या वाटेवर ठेवून पाहा. चांदणी चौकातला नवा उड्डाणपूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला, चौक सुटला आणि माझ्या अनुभवात कोंडी पुढे वाकडच्या बाजूला सरकली. पूर्ण १२० अश्वशक्ती मिळते ती इंजिनाच्या मिनिटाला साडेपाच-सहा हजार फेऱ्यांवर, आणि सकाळी साडेनऊला त्या रस्त्यावर इंजिन तिथवर नेण्याची संधी कोणालाच मिळत नाही. तुमच्या कामाचा आकडा टॉर्कचा आहे, आणि त्याहूनही तो किती फेऱ्यांपासून मिळतो याचा. आय२०चे १७२ न्यूटन-मीटर १५०० फेऱ्यांपासून हाती येतात. २०२४च्या साध्या स्विफ्टमध्ये ११२ न्यूटन-मीटर आहेत आणि तेही ४३०० फेऱ्यांवर. बावधनच्या चढावर पीएमपीच्या बसमागून बाहेर पडताना टर्बो गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये नुसत्या पायाच्या इशाऱ्यावर सरकते, तेव्हा हा फरक कळतो. चाळीस ते सत्तरच्या वेगात मिळणारी ही सहजता म्हणजेच पुण्यातली ‘स्पोर्टी’ गाडी, असे माझे मत आहे.

याची दुसरी बाजूही आहे. १५०० फेऱ्यांच्या खाली टर्बो झोपलेला असतो. गतिरोधकावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना गाडी मरगळते, पहिला टाकावा लागतो आणि डावा पाय दिवसभर राबतो. रेसर फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली, एन लाइनमध्ये मॅन्युअल आणि सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) असे दोन पर्याय आहेत, तर फ्रॉन्क्स टर्बोला सहा गिअरचा, क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक मिळतो. त्यातील टॉर्क कन्व्हर्टर गर्दीत सगळ्यात सोशिक.

नुसती गंमत मोजायची तर मी एन लाइनला झुकते माप देईन. नावातल्या ‘एन’मुळे ती परदेशातली ‘आय२० एन’ होत नाही, पण साध्या आय२०पेक्षा तिचे सस्पेन्शन थोडे आवळलेले आहे, स्टिअरिंगला वजन आहे आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. हे बदल गाडी चालवताना हाताला कळतात. सीटवरच्या लाल शिलाईला मात्र मी गुण देत नाही. ती तर कुठलाही सीटकव्हरवाला करून देतो.

आता आईवडील. अशाच एका टेस्ट ड्राइव्हला मी आईला सोबत नेले होते. विक्रेता मला बॉनेट उघडून दाखवत होता, तेवढ्यात आई स्वतःच मागच्या दाराशी गेली. आधी तिने पाठमोरी होऊन बसायचा प्रयत्न केला, सीट अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली निघाली, हात आधाराला दाराच्या काचेवर गेला आणि डोके छताच्या कडेला लागले. बाहेर पडताना तर दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर टेकून तिला उठावे लागले. ‘गाडी छान आहे, मी आपली रिक्षाने येत जाईन,’ असे ती म्हणाली आणि माझा दोन महिन्यांचा अभ्यास तिथेच संपला. या कसोटीवर अल्ट्रोझ पुढे आहे. तिची दारे थेट ९० अंशांत उघडतात, त्यामुळे गुडघा फार न वाकवता पाय आत घेता येतो. डिकीही तिचीच मोठी, ३४५ लिटरची. आय२०ची ३११ आणि फ्रॉन्क्सची ३०८ लिटरची आहे.

म्हणून माझा कौल असा : आईवडील दर आठवड्याला गाडीत बसणार असतील तर रेसर, ते सणासुदीलाच बसणार असतील तर एन लाइन मॅन्युअल, आणि तुमचाच गुडघा कुरकुरू लागला असेल तर मुकाट्याने फ्रॉन्क्स ऑटोमॅटिक. रेसरसाठी शोरूममध्ये जाण्याआधी फोन करून गाडी मिळते आहे का, हे विचारा, कारण कमी खपाच्या आवृत्त्या गाजावाजा न करता यादीतून निघून जातात. आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या फेरीवर घेऊ नका. गाडी तुमच्या इमारतीखाली मागवा आणि आईवडिलांना मागे बसवून चांदणी चौकापर्यंत न्या.

प्रश्न : डीसीटी गिअरबॉक्स गर्दीत तापतो असे सगळे सांगतात. रोज वाकड ते खराडी असा प्रवास असताना तो घ्यावा का? (एक वाचक, वाकड)

उत्तर : तापू शकतो, आणि तो का तापतो हे कळले तर बराचसा टाळताही येतो. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एक काम करत असताना दुसऱ्याने पुढचा गिअर तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर इतक्या पटकन पडतात. आय२० आणि फोक्सवॅगन व्हर्टस १.५ यांच्यातल्या सात गिअरच्या डीसीटीचे क्लच ‘ड्राय’ म्हणजे कोरडे आहेत, त्यांना थंड करायला भोवती तेल नाही. गाडी मुंगीच्या गतीने पुढे सरकते तेव्हा क्लच पूर्ण धरत नाही, अर्धवट घासत राहतो आणि त्याची उष्णता तिथेच साठते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच काम तेल करते, म्हणून तो गर्दीत शांत असतो. त्याच्या बदल्यात गिअर बदलताना तो किंचित आळशी वाटतो.

डीसीटी घेतलात तर दोन सवयी लावून घ्या. समोरची गाडी हातभर पुढे गेली की लगेच सरकू नका. एक-दोन गाड्यांएवढी जागा होऊ द्या आणि मग एकदाच नीट पुढे जा. त्या जागेत तीन दुचाक्या घुसतील, घुसू द्या. दुसरे असे की, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेकच वापरा. कात्रज घाटाच्या चढावर रांगेत उभ्या असलेल्या गाडीत अनेकांचा पाय नकळत ॲक्सिलरेटरवर असतो आणि क्लच करपल्याचा वास तिथूनच सुरू होतो. एवढा संयम तुमच्याकडे नसेल तर व्हर्टसचाच एक लिटरचा, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरचा प्रकार पाहा. नावे मात्र नीट वाचा : ‘जीटी लाइन’ लिहिलेल्या गाडीत ११५ अश्वशक्तीचे एक लिटरचे इंजिन असते, १५० अश्वशक्तीचे दीड लिटरचे इंजिन ‘जीटी प्लस’वाल्या गाडीत मिळते. नावातल्या त्या एका शब्दात पस्तीस अश्वशक्तींचा फरक आहे.

प्रश्न : व्हर्टस जीटी मनापासून आवडली आहे. परंतु आमच्या सोसायटीच्या तळघराचा उतार तीव्र आहे आणि पार्किंग स्टॅकचे (एकावर एक गाड्या ठेवण्याचे) आहे. सेदान घासेल का? (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : केवळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, पाहून याचे उत्तर देता येत नाही. उतार संपून सपाटी सुरू होते त्या कडेवर गाडीचे पोट टेकते की नाही, हे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरावरही (व्हीलबेसवरही) ठरते. व्हर्टसचे क्लिअरन्स १७९ मिलिमीटर आणि व्हीलबेस २६५१ मिलिमीटर आहे. यावरून हिशेब केला तर ती सुमारे १५ अंशांचा मोड घेऊ शकते. अल्ट्रोझचे आकडे १६५ आणि २५०१. हिशेब करा, तिचेही उत्तर १५ अंशच येते. थोडक्यात, पोट टेकण्यापुरती ही सेदान हॅचबॅकहून वाईट नाही. तिचा त्रास आहे तो पुढे आलेल्या नाकाचा आणि ओझ्याचा. चार माणसे आणि सामान भरले की गाडी तीन-चार सेंटिमीटर बसते आणि १५ अंशांचे १२ होतात. म्हणून चाचणीच्या वेळी चौघांनी बसूनच उतार उतरा, एकट्याने नव्हे.

स्टॅकसाठी मोजपट्टी काढा. गाडी ४५६१ मिलिमीटर लांब आणि आरसे सोडून १७५२ मिलिमीटर रुंद आहे. स्टॅकमध्ये गाडी उभी राहते त्या पाटाच्या दोन्ही कठड्यांमधले अंतर मोजा आणि चालकाचे दार उघडून माणूस बाहेर कसा पडणार याचा विचार करा. पाटाची वजनमर्यादा खांबावर लिहिलेली असते, तीही पाहा.

किमतीबद्दल आपण विचारलेले नाही, तरी एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्या रेषेपलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के. त्यावर राज्याचा रस्ता कर निराळा, जो पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि पुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के पडतो. व्हर्टस आणि एन लाइन यांच्या किमतीतील अंतराचा मोठा भाग हा असा करातच जातो. उरलेल्या पैशांत ५२१ लिटरची डिकी आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. दर महिन्याला महामार्गावर जात असाल तर तो सौदा मला पटतो. फक्त डेक्कनपर्यंत जाण्यासाठी नाही.

प्रश्न : आम्ही चौघे महिन्यातून एकदा वाईमार्गे महाबळेश्वरला जातो. घाटात टर्बोचा खरोखर फायदा होतो का? आणि मायलेज किती मिळेल? (एक वाचिका, बिबवेवाडी)

उत्तर : होतो. उंचीबरोबर हवा विरळ होते. पुण्याच्या ५६० मीटरवर ती समुद्रसपाटीपेक्षा साधारण पाच टक्के विरळ असते, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरवर बारा टक्के. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते, म्हणजे ८२ अश्वशक्तीची गाडी वर पोहोचेपर्यंत ७२ची होते, आणि तीही चौघे आणि स्ट्रॉबेरीची खोकी घेऊन. टर्बो हवा दाबून आत घेत असल्याने ही तूट बरीचशी भरून काढतो. पसरणी घाटात टेम्पोला ओलांडताना हे जाणवेल. उतरताना मात्र टर्बो कामाचा नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक गार राहतील.

आता मायलेज. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेचा आकडा ठरावीक चाचणीचा असतो, त्यात खंबाटकी घाट नसतो. टर्बो पेट्रोल गाडी शहराच्या कोंडीत लिटरला दहा-बारा किलोमीटर देते आणि नव्वदच्या स्थिर वेगात सतरा-अठरापर्यंत जाते. याहून जास्त हवे असेल तर साधी स्विफ्टच घ्या.

प्रश्न : माझ्याकडे २०२४ची स्विफ्ट आहे. नवी गाडी घेण्याऐवजी हिलाच रीमॅप, मोठा एक्झॉस्ट आणि १७ इंची अलॉय चाके बसवली तर? (एक वाचक, निगडी)

उत्तर : रीमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलण्याचा, फायदा टर्बो इंजिनाला होतो, कारण तिथे हवेचा दाब वाढवता येतो. तुमच्या इंजिनात वाढवण्यासारखे फारसे काही नाही. पैसे जातील आणि वॉरंटीही जाईल. आवाज वाढवणारा एक्झॉस्ट लावलात तर पहिले गिऱ्हाईक वाहतूक पोलीस असेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक हेच आधी पाहतो.

मोठ्या चाकांची हौस मीही केली आहे. आकड्यांत उदाहरण द्यायचे तर १९५/५५ आर१६ टायरची बाजूची भिंत १०७ मिलिमीटर उंच असते, २०५/४५ आर१७ची ९२. ते पंधरा मिलिमीटर रबर तुम्हाला खड्ड्यापासून वाचवत असते. जुन्या गाडीला मी तशी चाके लावली आणि पहिल्याच पावसाळ्यात सातारा रस्त्यावर पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. आवाज झाला, गाडी चालत राहिली, म्हणून मी घरी आलो. सकाळी पाहतो तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आणि रिमची कड आत गेलेली. टायरवाल्याने त्यावर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघताच नवीन टायरची किंमत सांगितली. जुनी चाके मी माळ्यावर जपून ठेवली होती, ती त्याच दिवशी परत बसली.

हात शिवशिवतच असतील तर मूळ मापाचेच, पण चांगल्या पकडीचे टायर घ्या, चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि ब्रेकचे तेल बदला. सगळे मिळून खर्च त्या अलॉयच्या संचाहून कमीच येईल आणि वळणावरचा फरक पहिल्याच रविवारी कळेल.